टाकी आधी, अणुभट्टी मागाहून

फ्रान्समधल्या लाखो घरांत रात्री साडेदहा-अकराच्या पुढे पाणी तापवणाऱ्या टाक्या आपोआप सुरू होतात. आपल्या न्हाणीघरातल्या पंधरा-पंचवीस लिटरच्या गीझरपेक्षा त्या कितीतरी मोठ्या. चौघांच्या घरात दोनशे लिटरची टाकी सर्रास आढळते, आणि रात्री तापलेलं पाणी दुसरा दिवसभर पुरतं. या रिवाजाची कुळकथा बहुधा एका दमात सांगितली जाते: फ्रान्सने अणुभट्ट्या उभारल्या, रात्री त्यांची वीज उरू लागली, ती खपवायला टाक्या आल्या. पण तारखा या कथेला साथ देत नाहीत. पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी मोठा अणुऊर्जा कार्यक्रम जाहीर केला मार्च 1974 मध्ये. घरगुती ग्राहकांना सवलतीच्या तासांचा दर मात्र 1965 मध्येच मिळाला होता. तेव्हा वीज मुख्यतः कोळसा, तेल आणि नद्यांपासून येत असे. म्हणजे टाकी वयाने मोठी आहे, आणि तिचं मूळ अणुभट्टीत नाही, हिशेबात आहे.

हा हिशेब मांडला मार्सेल ब्वातो यांनी. 1946 मध्ये वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण होऊन ‘इडीएफ’ स्थापन झाली. तिथे आलेल्या या तरुण गणिती अर्थतज्ज्ञाने 1949 मध्ये कमाल मागणीच्या काळातल्या दरांवर निबंध लिहिला. पुढे तेच इडीएफचे प्रमुख झाले. त्यांचं म्हणणं असं की वीजकेंद्र किती मोठं बांधायचं हे हिवाळ्यातली संध्याकाळ ठरवते. त्या वेळी वाढलेल्या युनिटवर नव्या केंद्राच्या बांधकामाचा भार पडतो. मध्यरात्रीच्या युनिटला लागतो तो फक्त इंधनाचा खर्च. आणि ऱ्हाइनसारख्या नदीवरच्या केंद्रात तर पाणी रात्रीही वाहतच असतं, तेव्हा तोही नाही. दोन्ही युनिटांना एकच भाव लावणं हा ग्राहकाला दिलेला चुकीचा निरोप आहे. 1956 मध्ये हा विचार मोठ्या कारखान्यांच्या दरपत्रकात आला आणि मग घरांपर्यंत उतरला. घरात मात्र अडचण होती. रात्री स्वस्त आहे म्हणून कोणी दोन वाजता दिवा लावत नाही की भाजी शिजवत नाही. वेळ पुढेमागे करता येईल अशी घरातली सर्वांत मोठी गरज गरम पाण्याची. दोनशे लिटर पाणी 15 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण साडेदहा युनिटं लागतात. सव्वादोन किलोवॅटची कॉइल हे काम पाचेक तासांत उरकते. म्हणून दराचा सिद्धांत घरात रुजला तो टाकीच्या आधाराने.

उरला प्रश्न कळ दाबण्याचा. प्रत्येक घरात घड्याळ बसवलं असतं तर ती घड्याळं पुढेमागे झाली असती, वेळा बदलायला माणसं पाठवावी लागली असती. त्याऐवजी निरोप विजेच्या तारेतूनच धाडला गेला. घरातला प्रवाह 50 हर्ट्झचा. उपकेंद्रातून त्यावर 175 हर्ट्झचे क्षीण स्पंद चढवले जात. आधी सुरुवातीचा इशारा, मग चाळीस ठरलेल्या जागा. कोणत्या जागी स्पंद आहे आणि कोणत्या जागी नाही, यावरून घरातला रिले आपला हुकूम ओळखत असे. सगळा निरोप दोन मिनिटांच्या आत संपत असे. अशा चाळीस जागा असणं फार मोलाचं ठरलं, कारण सगळ्या टाक्या एका क्षणी सुरू झाल्या तर रात्रीच नवं शिखर उभं राहतं. हा आक्षेप खरा आहे: फ्रान्सच्या मागणीच्या आलेखात अकराच्या सुमाराला उसळी दिसते. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वेळा देऊन ती आटोक्यात ठेवली जाते.

दुसरा आक्षेप उष्णतेच्या गळतीचा. साठवलेलं पाणी तासागणिक थोडं निवतं. हवं तेव्हाच तापवलेल्या पाण्यापेक्षा त्यात वीज जास्त जाते, हे मान्य. पण चार घरांनी संध्याकाळी सात वाजता एकदम पाणी तापवायचं ठरवलं, तर त्या एका तासासाठी जे केंद्र आणि ज्या तारा बांधाव्या लागतील, त्यांच्या खर्चापुढे ही गळती मला स्वस्त वाटते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार: टाक्या घरोघर पसरल्या त्या अणुभट्ट्यांच्या काळात, मग श्रेय त्यांना का नको? प्रसाराचं श्रेय जरूर द्यावं. मात्र रात्र आणि टाकी यांचं नातं अणुभट्टीनेच जोडलं असतं, तर ते आज इतक्या सहज सैल झालं नसतं. 2022-23 च्या हिवाळ्यात विजेचा तुटवडा दिसू लागला, तेव्हा ज्या सुमारे 43 लाख घरांतल्या टाक्या दुपारीही तापत, त्यांचं दुपारचं तापणं दुरूनच थांबवलं गेलं. आणि नोव्हेंबर 2025 पासून उलट दिशेने बदल सुरू झाला: सौर वीज वाढल्यामुळे आठ सवलतीच्या तासांपैकी तीनपर्यंत तास दुपारी सरकवले जात आहेत. टाकी तीच, अणुभट्ट्याही जागेवर. बदलला तो फक्त कोणत्या तासाला वीज मुबलक आहे याचा हिशेब.

महाराष्ट्रातही आता स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. आपला छोटा गीझर सकाळी सहा-सातला चालतो, त्याला या सवलतीचा काहीच उपयोग नाही. पण कितीतरी इमारतींच्या गच्चीवर सौरबंबाच्या शंभर-दोनशे लिटरच्या टाक्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच टाक्यांत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइलही असते. पावसाळ्यात ती पहाटे लावली जाते. दुपारी लावली, तरी चांगल्या आवरणाच्या टाकीतलं पाणी दुसऱ्या सकाळी अंघोळीपुरतं गरम राहतं.