वनपिंगळा

वनपिंगळा (रानपिंगळा) हा घुबडांच्या कुळातील, केवळ मध्य व पश्चिम भारतात आढळणारा एक दुर्मीळ वनपक्षी आहे. शास्त्रीय नाव : अथीनी ब्लेविटी, जुने नाव : हेटरोग्लॉक्स ब्लेविटी. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद नव्हती. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा आढळला. सर्वत्र दिसणाऱ्या पिंगळ्याशी त्याचे बरेच साम्य असल्यामुळे त्याची ओळख पटवताना बाह्यरूपाचे बारकाईने निरीक्षण करावे लागते.

नाव

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर–बसना भागात मिळवला होता. त्यांच्यावरून ‘ब्लेविटी’ हे नाव पडले.

ओळख

लांबी सुमारे २३ सेंमी., म्हणजे साधारण साळुंकीएवढी. बांधा मात्र ठेंगणा व भरदार असतो. डोके व चोच आकाराच्या मानाने मोठी, तर डोळे पिवळे असतात. माथा व पाठ राखट तपकिरी असून त्यांवर ठिपके जवळजवळ नसतात. छातीवर गडद तपकिरी रंगाचा रुंद पट्टा असतो. पोटाचा मधला व खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. पंख व शेपटीवर ठळक पांढरे आणि काळपट आडवे पट्टे असतात. पाय जाड असून त्यांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसे असतात.

साम्य असलेले पक्षी

पिंगळा : माथा व पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके, ठळक पांढरी भुवई आणि पोटावर तपकिरी खुणा असतात. तो गावाजवळची झाडे, जुन्या इमारती व शेतमळे येथे राहतो. पिसे झिजल्यावर त्याचे ठिपके अस्पष्ट होतात. त्यामुळे केवळ माथ्यावरून निर्णय न करता छाती, पोट व शेपटी या तिन्ही खुणा जुळतात का, हे पाहणे आवश्यक असते.

जंगली पिंगळा : माथ्यापासून पोटापर्यंत बारीक आडवे पट्टे असतात. मराठीत यालाही काही ठिकाणी ‘रान पिंगळा’ म्हटले जात असल्याने नावांचा घोळ होतो.

शोधाचा इतिहास

१८७२ ते १८८४ या काळात वनपिंगळ्याचे सातच नमुने जमा झाले. त्यांतील शेवटचे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. पुढे रिचर्ड माइनरत्साहागेन यांनी आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याची नोंद केली. ही नोंद अनेक दशके खरी मानली गेली. पामेला रासमुसेन व नायजेल कोलर यांनी त्या नमुन्याची तपासणी केली, तेव्हा तो संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असल्याचे सिद्ध झाले. मधल्या काळात वनपिंगळा म्हणून नोंदवलेली काही दर्शने व छायाचित्रेही प्रत्यक्षात पिंगळ्याची निघाली.

मांडवीची नोंद बाद ठरल्यावर रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, विश्वसनीय नमुन्यांच्या स्थळांवर लक्ष केंद्रित केले. पूर्वेकडील स्थळी शोध निष्फळ ठरला. त्यानंतर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना वनपिंगळा दिसला. त्या वेळी शहादे तालुका धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे.

आढळ व सवयी

सातपुड्यातील सागाची विरळ, शुष्क पानझडी वने हा त्याचा मुख्य अधिवास होय. तोरणमाळ व तळोदा परिसर, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खंडवा भाग येथे तो आढळला आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

वनपिंगळा दिवसा वावरतो. उघड्या फांदीवर बसून तो खालच्या जमिनीवर नजर ठेवतो आणि सरडे, पाली, उंदीर व मोठे कीटक पकडतो. शेपटी झटकण्याची त्याला सवय असते. घरटे झाडाच्या ढोलीत असते.

संवर्धन

शेतीसाठी होणारी जंगलतोड व ढोली असलेल्या जुन्या झाडांची तोड हे त्याच्यापुढील मोठे धोके आहेत. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धांचाही त्याला उपद्रव होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. प्रौढ पक्ष्यांची संख्या १,००० पेक्षा कमी असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे चुकीच्या ओळखीवर आधारलेली एखादी नोंदही त्याच्या आढळक्षेत्राचे चित्र बदलू शकते.