बोरघाटांतील सोडलेला लोहमार्ग व त्यावरील बोगदे

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे पत्रें, सनदा, बखरी व शिलालेख यांकडेच संशोधकांचें लक्ष जातें. खंडाळ्याच्या कड्यांत ओस पडलेला आगगाडीचा जुना मार्ग व त्यावरील बोगदे हेंहि त्याच योग्यतेचें साधन होय. तें वाचावें कसें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम निश्चित गोष्टी सांगतों. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें बोरघाटाचें काम ता. २४ जानेवारी १८५६ रोजीं आरंभिलें आणि ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे हस्तें मार्गाचें उद्घाटन झालें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें असल्यानें २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले. खंडाळ्याखालीं रुळांस वळण देण्यास जागा नव्हती, म्हणून तेथें ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ योजिलें. गाडी थांबली कीं एंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडीत व गाडी उलट दिशेनें पुढील चढण चढे. १९२९ सालीं नवे बोगदे खोदून मार्ग बदलला, तेव्हां हें स्टेशन सुटलें.

आतां बोगद्याची साक्ष पाहूं. डायनामाइटचें पेटंट नोबेलनें १८६७ सालीं घेतलें. अर्थात् येथील काळा पाषाण हातानें भोकें पाडून साध्या दारूच्या सुरुंगांनीं फोडलेला आहे. कांहीं कड्यांवर तर मजुरांस दोरांनीं खालीं सोडून पहिलीं भोकें पाडावीं लागलीं.

कागदोपत्रीं नांवें आढळतात तीं मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कले व कंत्राटदार यांचीं. बर्कले मार्ग खुला होण्यापूर्वींच १८६२ सालीं वारला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल यानें १८५९ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षीं थोडक्याच दिवसांत मरण पावला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. परंतु १८६१ सालीं कामावर ४२,००० मजूर होते. मजुरीसाठीं १८५९ सालीं त्यांनीं दंगा केला, पुढें पटकीनें त्यांची मोठी हानि झाली. त्यांपैकीं कोणाचें नांव सांगावें?

लोकस्मृतींत एक नांव मात्र उरलें आहे. शिंगरोबा धनगरानें साहेबास घाटाची वाट दाखविली व त्याबद्दल त्यास प्राणास मुकावें लागलें, अशी आख्यायिका असून घाटांत त्याचें देऊळ आहे. आख्यायिका हा घटनेचा पुरावा नव्हे. पण डोंगरांतील लोकांनीं हें काम कोणत्या भावनेनें लक्षांत ठेविलें, याचा ती उत्तम पुरावा आहे.

आख्यायिका व सरकारी अहवाल यांमधील जागा भरून काढणारे कागद असलेच तर ते मुकादमांच्या हजेरीपटांत, सावकारांच्या चोपड्यांत व मोडी रोजकीर्दींत असणार. असे रुमाल पुष्कळदां निरुपयोगी म्हणून रद्दींत जातात. संग्राहकांनीं १८५६ ते १८६३ या वर्षांचे कागद टाकण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहावे. बोगदा दगडाचा आहे, तो थांबेल. कागद थांबणार नाहीं.