मालक, मेहता आणि भाडेपावती

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत घरमालक क्वचितच दिसे. महिन्याला यायचा तो त्याचा मेहता, पावतीपुस्तक घेऊन. गळकी कौले, मोडका जिना, सारे गाऱ्हाणे त्याच्याच कानी घालायचे. नाते तेवढेच; पण होते.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. घरटंचाईच्या त्या काळात गिरणी कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर टिकले. मात्र पुढे त्या भाड्यात डागडुजी परवडेना, तसा मालक फिरकेनासा झाला. काहींनी भाडे घेणेच नाकारले; भाडेकरू मनीऑर्डर करू लागले. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि छपरासाठी सरकारी कचेरीची पायरी चढणे आले.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या नात्याची मर्यादा आखून दिली: भाड्याची लेखी पावती द्यावी, पाणी-वीज तोडू नये, घर पाहायचे तर आधी कळवून, योग्य वेळी यावे.

आम्हाला ही मर्यादा मोलाची वाटते. न फिरकणाऱ्या मालकाची इमारत खचते. पुनर्विकासाच्या वेळी जुनी पावतीच भाडेकरूचा आधार ठरते. उलट, घर शोधताना आपल्यापैकी अनेकांना आधी नाव विचारले जाते, मग चुलीवर काय शिजते ते. मालकाने जरूर यावे, भिंती पाहाव्यात, पावती द्यावी. चुलीची चौकशी त्याच्या हक्कात बसत नाही.