बालसेविका प्रशिक्षण, कोसबाड

कष्टकरी व आदिवासी वस्तीतील बालवाड्यांसाठी शिक्षिका (बालसेविका) घडविण्याची पद्धती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर (ता. डहाणू, आता जि. पालघर) आले. माँटेसरीची महागडी साधने (पहा : माँटेसरी पद्धती) येथे परवडणारी नव्हती. त्यांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले जात. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच वाडीतल्या अंगणात न्यायची, हे या कामाचे मुख्य सूत्र (पहा : अंगणवाडी). गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेला पाळणाघर जोडले. अंगणात भरणाऱ्या शाळेचे ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पोचले.