सहलीच्या वाटेवरची गावं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘सहल’ हा शब्द आमच्या घरात उशिरा आला. माझ्या लहानपणी कडेगावच्या बाजूची माणसं गावाबाहेर जायची ती काही कारणानं. लग्नाला, उरसाला, बाजाराला, नाहीतर कुणाच्या मयताला. नुसतं पाणी पडताना बघायला कुणी गाडीभाडं खर्च करील, असं आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. डोंगरावर पाऊस पडला की पाणी खाली येणारच, त्यात बघायचं काय, असं ती म्हणाली असती.

आज चित्र पालटलं आहे. श्रावण लागला की शनिवार-रविवारी ठोसेघर, कास, भांबवली आणि नवजा या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. पुण्या-मुंबईची माणसं येतात, तशी आमच्या सांगली-कराडचीही जातात. मी स्वतः गेलो. मागच्या पावसाळ्यात मुलगी म्हणाली, “अब्बा, नवज्याचा ओझर्डे धबधबा बघून येऊ. दादीलाही घेऊ.” माझी आई, म्हणजे आमची अम्मा, पंचाहत्तरी ओलांडलेली. गुडघे दुखतात म्हणून एरवी ओसरीवरून हलत नाही. पण कोयनेचं नाव निघालं आणि ती सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. कारण एकच. कोयनेचं खोरं हे तिचं माहेर. ते आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे.

त्या एका दिवसानं मला जुन्या पुस्तकांकडे परत नेलं. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो, पुढे कवितेच्या नादी लागलो. पण त्या दिवसापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. आपण जिथं सहलीला जातो, तिथं आपल्या आधी कोण होतं?

आपल्या भागात निसर्ग बघायला जायची रीत साहेबानं घातली असं म्हणायला हरकत नाही. आपली माणसं डोंगरावर पूर्वीही जात होतीच. महाबळेश्वराला कृष्णेच्या उगमावर यात्रेकरू जात, सज्जनगडावर रामदासी जात, पीर-दर्ग्यांना आम्ही जात होतो. पण ते देवासाठी किंवा नवसासाठी. हवा खायला आणि देखावा बघायला जाणं नवीन होतं. 1824 साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या कड्यापर्यंत पोहोचला. 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथं गोऱ्या आजाऱ्यांसाठी थंड हवेचं ठाणं वसवायचं मनावर घेतलं, आणि 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ती जागा इंग्रजांकडे गेली. वसाहतीला माल्कमपेठ असं नाव पडलं. मग कड्याकड्याला साहेबांची नावं चिकटली. ती आजही फलकांवर आहेत.

त्यातच एक नाव वेगळं आहे, चायनामन फॉल्स. चिनी माणसाचा धबधबा! महाबळेश्वरात चिनी माणूस कुठून आला? तर तो बेड्या घालून आणला होता. सिंगापूर-मलायाच्या बाजूच्या इंग्रजी मुलखात शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी 1830 च्या दशकात महाबळेश्वरी आणले गेले. त्यांच्यासाठी तिथं तुरुंग होता, तो 1864 च्या सुमारास बंद झाला. या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवला. साहेबांच्या टेबलावर जी ताजी भाजी येई, ती त्यांच्या घामाची. त्यांच्या बागा ज्या पाण्याजवळ होत्या, त्या पाण्याला त्यांचं नाव मिळालं. तेही एकाचं नाही, फक्त जातीचं. लॉडविकचं नाव कड्याला आहे, शिवाय त्याच्या स्मरणार्थ खांबही उभा आहे. कैद्यांपैकी एकाचंही नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला ठाऊक नाही. मीही कॉलेजात असताना मित्रांबरोबर तिथं गेलो होतो, कणसं खाल्ली, फोटो काढले आणि परत आलो. मनात प्रश्न आला नाही.

आता कोयनेकडे येतो. कराडहून पाटण, पाटणहून कोयनानगर. डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरं, मधूनच नाचणी, वर धुकं. कोयनानगरच्या पुढे नवजा, आणि तिथून जंगलातल्या पायवाटेनं ओझर्डे. अम्माला चढ झेपणार नव्हता, म्हणून मी तिच्याबरोबर खालीच थांबलो. मुलगी वर गेली. धबधब्याचा आवाज खालपर्यंत येत होता. अम्मा म्हणाली, “हा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा तसा नाही. आमचा बारीक होता. रात्री झोपताना यायचा.” तेव्हा मला कळलं की तिच्या गावालाही धबधबा होता. बिननावाचा. त्याला बघायला कुणी येत नव्हतं, म्हणून नाव पडलं नव्हतं.

कोयना धरणाचं काम 1950 च्या दशकात सुरू झालं. 103 मीटर उंचीची भिंत. 1961 च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली आणि 1964 पर्यंत धरण पुरं झालं. पाणी मागे थेट तापोळ्यापर्यंत पसरलं. कोयना ही कृष्णेला मिळणारी, पूर्वेला जाणारी नदी. तिचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणच्या बाजूला पोफळीकडे सोडलं, आणि त्या उतारावर वीज तयार झाली. पुढे टप्पे वाढत गेले. आज या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅटच्या घरात आहे. महाराष्ट्राची कारखानदारी या विजेवर उभी राहिली, हे खोटं नाही.

पण खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावं उठली. तेव्हा आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला 1976 मध्ये. जमीन घेण्याचा कायदा मात्र 1894 पासून तयार होता. घ्यायचं कसं हे ठरलेलं होतं, द्यायचं कसं हे ठरायला आणखी 82 वर्षं लागली. कोयनेची माणसं या मधल्या पोकळीत सापडली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी घाट उतरून कोकणपट्टीत, ठाण्या-रायगडला. जिथं वर्षाला आभाळ फाटल्यासारखा पाऊस, तिथली भात लावणारी माणसं ज्वारीच्या रानात नेऊन बसवली. जमिनीच्या हक्कासाठी पुढच्या पिढ्यांना मोर्चे काढावे लागले, महिना-महिना धरणं धरून बसावं लागलं.

माझ्या नानांना सोलापूरच्या बाजूला जमीन दाखवली होती. ते एकदा बघून आले आणि म्हणाले, “तिथं मातीला वास नाही.” ते गेलेच नाहीत. नात्यातल्या एका घराच्या आधारानं आमच्या भागात आले, दुसऱ्याच्या रानात राबले. मिळायच्या जमिनीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि नाना गेले तरी पोहोचला नाही. अम्मा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. सामान बैलगाडीत भरलं, कोंबड्या डालग्यात घातल्या आणि नानीनं निघताना चुलीला हात लावला, एवढं तिला आठवतं. नानांच्या बापाची कबर मागे राहिली. त्यावर आता किती पाणी आहे, कुणास ठाऊक.

पुढे आमच्या घरात वीज आली. पहिला दिवा लागला, तेव्हा वडील अंगणात जाऊन सगळ्यांना बोलावून आले. अम्मा मात्र दिव्याकडे बघून काही बोलली नाही. ती रिकाम्या खोलीत दिवा जळू देत नाही. आजही नाही. आम्हाला वाटायचं, बिलाची काळजी. 

त्यातच 11 डिसेंबर 1967 ची पहाट. साडेचारच्या आत-बाहेर कोयनानगर हादरलं. दोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. धरणाच्या पाण्याच्या भारानं भूकंप होतो का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेच्या नावानं अभ्यासतात. आपल्या खोऱ्याचं नाव असं विज्ञानाच्या पुस्तकात गेलं.

गावं गेल्यावर तिथं रान माजलं. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, त्याच वर्षी दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य. वारणेच्या धरणानं आणि अभयारण्यानं तिथलीही गावं हलली. 2004 मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास, कोयना आणि चांदोली आहेत. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली. ही बातमी मी अम्माला वाचून दाखवली. ती म्हणाली, “तिलाही गाडीतनं आणली? मग तिला करमेल का?” मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं. 

माझं म्हणणं कुणी उलटं घेऊ नये. वाघ असावा, जंगल असावं. जंगल नसतं तर कोयना गाळानं भरली असती, आणि खाली कृष्णाकाठी आपण उसाच्या गोष्टी सांगत बसलो नसतो. पण ‘इथं माणूस कधी नव्हता’ असं फलकावर न लिहिताही आपण मनात धरून चालतो, ते मला खुपतं. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी खाली गेलं की जुन्या देवळांचे चौथरे उघडे पडतात. त्यांच्याकडे बघितलं तरी पुरे.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवर सागरेश्वरचा डोंगर आहे. पायथ्याला देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाण 12 मार्च 1913 रोजी याच गावी जन्मले. कोयनेत पाणी साठू लागलं, तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. सागरेश्वराची जुनी शिवालयं या डोंगराच्या कुशीत आहेत आणि श्रावणी सोमवारी गर्दी असते. पण डोंगर बोडका होता. झाड तोडलेलं, माती वाहून गेलेली, वर नुसते दगड. 

इथं मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते यांनी झाडं लावायचा ध्यास घेतला. सरकारदरबारी खेटे घातले, लोकांना समजावलं, रोपं जगवली. 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. कोयनेच्या तुलनेत हातरुमालाएवढं. पण हे जंगल आयतं नव्हतं, माणसांनी लावलेलं आहे. सांबर, चितळ, काळवीट तिथं सोडले आणि ते वाढले. वरच्या टोकावर उभं राहिलं की खाली कृष्णा आणि हिरवागार ऊस दिसतो. मोहित्यांना लोक वृक्षमित्र म्हणू लागले. इथं गाव उठवावं लागलं नाही.

म्हणून तिथं सगळं गोड आहे असंही नाही. पूर्वी त्या डोंगरावर मेंढरं चरायची, ती वाट बंद झाली. कुंपण तुटलं की हरणं उसात, हरभऱ्यात घुसतात. आमच्या ओळखीचा एक शेतकरी म्हणतो, “लोक तिकीट काढून हरीण बघतात. मला रोज फुकट दिसतं, पण माझ्या पिकात.” त्याचं गाऱ्हाणं खरं आहे. फरक एवढाच की तो रानाच्या काठावर अजून आहे, आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकायला माणसं आहेत. अम्माच्या गावाचं गाऱ्हाणं सांगायला गावच उरलं नाही.

आमच्या कडेगावच्या मोहरमात उंचच उंच ताबूत निघतात. कळकाच्या कामट्यांचे, रंगीत कागदाचे. हिंदू-मुसलमान सगळे मिळून उचलतात. अम्माच्या माहेरी कळकाची बेटं होती. ताबूत निघाले की ती अजूनही रस्त्यावर येऊन आधी कळक बघते, मग कागद. आता मला त्याचं कारण कळतं.

नवज्याहून परतताना कोयनानगरजवळ आम्ही गाडी थांबवली. धुकं थोडं विरळ झालं आणि पाणी दिसलं. करडं, लांबवर पसरलेलं. मुलीनं मोबाईल काढला. अम्मानं बोट दाखवलं, “त्या डोंगराच्या नाकाखाली.” मला नाक दिसलं नाही, मुलीलाही नाही. मुलीनं मोबाईल खाली केला आणि विचारलं, “दादी, गावाचं नाव काय होतं?” इतक्या वर्षांत आम्ही भावंडांनी ते नाव कधी नीट विचारलं नव्हतं. ‘अम्माचं माहेर’ एवढंच म्हणायचो. अम्मानं नाव सांगितलं. मग शेजारच्या गावाचं, मग त्याच्या पलीकडच्या वाडीचं. मुलगी लिहून घेत होती. बारा नावं झाली, तेव्हा पाऊस आला आणि आम्ही गाडीत बसलो.

आपणही या पावसाळ्यात कुठंतरी जालच. जरूर जा, भिजा, कणसं खा. फक्त तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा की इथं पूर्वी कोण राहत होतं, आणि ते आता कुठं आहेत. उत्तर मिळालं तर लिहून ठेवा. आमच्या वहीत बारा नावं आहेत, आणखी पुष्कळ राहिली आहेत.