सरासरी माणूस आणि प्रातिनिधिक माणूस

एखाद्या कादंबरीवर लिहिताना ‘तिचा नायक हा सरासरी मध्यमवर्गीय माणूस आहे’ असे वाक्य आपण सहज लिहून जातो. पुढच्या परिच्छेदात तोच नायक ‘सर्वसामान्य’ होतो आणि लेखाच्या शेवटी ‘प्रातिनिधिक’. पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलावा, इतकाच आपला हेतू असतो. पण हे शब्द समानार्थी नाहीत. त्यांच्यामागे मोजण्याच्या वेगवेगळ्या कृती आहेत, आणि त्या कृतींचा इतिहास पाहिला तर समीक्षेत आपण नेमके काय म्हणत होतो याचा फेरविचार करावा लागतो.

आरंभ खड्ड्यापासून करू. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) खातव्यवहार नावाचे प्रकरण आहे. खणलेला खड्डा कधीच सारखा नसतो, मग त्याचे घनफळ काढायचे कसे? आचार्यांची रीत अशी : लांबी, रुंदी, खोली अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्या संख्येने भागावे. उत्तराला त्यांनी दिलेला शब्द ‘सममिति’. उदाहरणातल्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी दहा, अकरा, बारा हात. रुंदी पाच, सहा, सात. खोली दोन, तीन, चार. म्हणजे अकरा गुणिले सहा गुणिले तीन, 198 घनहात. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ (‘ग्रहलाघव’कार म्हणून महाराष्ट्राला ते अधिक परिचित) यांनी ‘बुद्धिविलासिनी’ या आपल्या टीकेत (1545) त्यावर एक मार्मिक पुस्ती जोडली आहे. जितक्या अधिक ठिकाणी मोजावे तितकी सममिती खऱ्या मापाच्या जवळ जाते, असे ते म्हणतात. सोळाव्या शतकातले हे विधान आजच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही थांबायला लावील.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 11 × 6 × 3 हाताचा तो सरळ खड्डा कोठेही खणलेला नाही. तो हिशेबापुरता कल्पिलेला आहे, आणि खऱ्या खड्ड्याने त्याच्यासारखे व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. आपल्या ज्योतिषग्रंथांतही हेच भान आहे. ग्रह एकसारख्या गतीने चालला असता तर जेथे असता ते त्याचे ‘मध्यम’ स्थान. आकाशात प्रत्यक्ष दिसतो ते ‘स्पष्ट’ स्थान. ‘ग्रहलाघवा’तही मध्यमाधिकार आधी आणि स्पष्टाधिकार नंतर येतो. मध्यम हा स्पष्टापर्यंत नेणारा जिना आहे. त्या जिन्यावर कोणी मुक्काम करीत नाही.

मराठी व्यवहारात मात्र ‘सममिति’ रुजली नाही, ‘सरासरी’ रुजली. फारसीत ‘सरासर’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळे मिळून. म्हणजे आपल्या शब्दात ‘मध्य’ नाहीच, पसारा आहे. हिंदीने घेतलेला ‘औसत’ अरबी ‘वसत’पासून, म्हणजे मध्यापासून, आला. इंग्रजी ‘अ‍ॅव्हरेज’ची कुळकथा आणखी निराळी. बहुतेक कोशकार तो शब्द अरबी ‘अवार’ (मालाचे नुकसान) आणि इटालियन ‘अवारिया’ यांच्या वाटेने आणतात. वादळात जहाज वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात टाकावा लागे. ते नुकसान सर्व व्यापाऱ्यांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे सोसायचे, ही ‘अ‍ॅव्हरेज’. सागरी विम्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. तेव्हा एका भाषेत पसारा, दुसरीत मध्य, तिसरीत वाटून घेतलेला तोटा!

खड्ड्याची युक्ती माणसाला लावली ती बेल्जियमच्या अडॉल्फ केतले याने. तो मुळात खगोलशास्त्रज्ञ. 1835 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली : वस्तूला जसा गुरुत्वमध्य तसा समाजाला हा माणूस. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे या ग्रंथात सरासरी माणसाचा विचार साहित्य आणि ललित कलांच्या संदर्भातही केलेला आहे. केतलेच्या मते एखाद्या काळच्या सरासरी माणसाचे सर्व गुण एका व्यक्तीत एकवटले, तर ती व्यक्ती त्या काळातल्या थोर, शुभ आणि सुंदर अशा सर्वांची प्रतिनिधी ठरेल. मध्यम स्थान हेच आता आदर्श झाले, आणि स्पष्ट स्थाने, म्हणजे तुम्हीआम्ही, त्याच्यापासून ढळलेल्या चुका! माझ्या मते समीक्षेतला आपला घोटाळा येथे सुरू होतो.

संख्याशास्त्रातला पुढचा शब्दव्यवहार थोडक्यात सांगतो. सर्व मापे चढत्या क्रमाने उभी करून मधोमध येणारे ते ‘मध्यक’. सर्वांत अधिक वेळा आढळणारे ते ‘बहुलक’. बहुलकाला ‘मोड’ हे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सनने 1895 साली दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ यांत फरक केवळ एका ‘क’चा, म्हणून विद्यार्थी कुरकुरतात, पण इंग्रजी ‘मीन’ आणि ‘मीडियन’ हेही मूळ एकाच लॅटिन ‘मेडिआनुस’चे वंशज आहेत. भाषेने एकच शब्द दोनदा उसना घेतला, गणिताने त्याला दोन कामे लावली.

ती कामे किती भिन्न आहेत हे फ्रान्सिस गाल्टनच्या 1907 मधल्या प्रसिद्ध टिपणात दिसते. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल याची पैज होती. 787 चिठ्ठ्या वाचण्याजोग्या निघाल्या. गाल्टनने मध्यक काढला : 1207 पौंड. खरे वजन 1198. वाचकाने विचारल्यावर त्याने सरासरीही सांगितली, ती 1197. सरासरी अधिक जवळची निघाली, तरी लोकमताचा कौल म्हणून मध्यकच योग्य, हा गाल्टनचा आग्रह होता. सरासरीत एखाद्या विक्षिप्ताने भलताच आकडा टाकला तर विक्षिप्तपणाच्या प्रमाणात त्याचे वजन वाढते. मध्यकात प्रत्येकाला एकच मत. (हाच गाल्टन सुप्रजननशास्त्राचा प्रवर्तक होता, हे विसरू नये.)

आता पुन्हा आपल्या शब्दांकडे. ‘सामान्य’ हा वैशेषिकांचा एक पदार्थ आहे : अनेक गाईंत एकच असलेले गोत्व. ते मोजायचे नसते, ओळखायचे असते. मराठीत येता येता तोच शब्द ‘साधा’, आणि मग ‘कमी प्रतीचा’ या अर्थाला उतरला. ‘सुमार’ची घसरण आणखी बोलकी. फारसी ‘शुमार’ म्हणजे गणती. ‘सुमारे’त ती अंदाज झाली, ‘बेसुमार’मध्ये टिकून राहिली, आणि ‘सुमार कविता’ म्हणताना तिचा शिक्का झाला. जे गणतीत येते ते हिणकस, असा निर्णय भाषेने कधी घेतला? केतलेने सरासरीला देव्हाऱ्यात बसवले, आपण तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. दोन्हीकडे विसरलेली गोष्ट एकच, की ती हिशेबाची युक्ती होती.

राहता राहिला ‘प्रातिनिधिक’. एंगल्सने 1888 साली मार्गारेट हार्कनेसला लिहिलेल्या पत्रात वास्तववादाकडून प्रातिनिधिक परिस्थितीतल्या प्रातिनिधिक पात्रांची अपेक्षा केली. जॉर्ज लुकाचने पुढे युरोपीय वास्तववादावरील निबंधांत स्पष्टच केले, की प्रातिनिधिक पात्र म्हणजे सरासरी पात्र नव्हे. एका काळातले ताण ज्याच्या ठायी टोकाला जाऊन भिडतात, ते प्रातिनिधिक. त्याच्यासारखी माणसे संख्येने फार नसतीलही.

या दृष्टीने ‘कोसला’ (1963) पुन्हा पाहावी. नेमाड्यांनी ती शंभरांतल्या नव्व्याण्णवांना अर्पण केली आहे. ती सरासरी नव्हे, बहुलकाची भाषा आहे, आणि उरलेला एक कोण हा प्रश्न तीत राहतोच. पांडुरंग सांगवीकर मात्र त्या नव्व्याण्णवांचा हिशेब करून मिळत नाही. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या आणि हात हलवीत परतलेल्या असंख्य मुलांच्या आयुष्यांची बेरीज करून भागाकार केला, तर जो कोणी हाती येईल त्याला मनूच्या मृत्यूवरची ती पाने लिहिता येणार नाहीत. पांडुरंगाला ‘सरासरी तरुण’ म्हणणाऱ्याने नव्व्याण्णवांची संख्या वाचली, पण ती ज्याच्या तोंडून बोलते तो माणूस वगळला.