पांडाच्या रक्ताचा 'नॉर्मल' आकडा कुठून आला?

ताप उतरत नाही म्हणून डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. संध्याकाळी लॅबमधून रिपोर्ट येतो आणि घरातला प्रत्येक जण आधी शेवटचा रकाना बघतो. 'नॉर्मल रेंज'. आपला आकडा त्यात बसला की जीव भांड्यात पडतो. पण हा रकाना भरला कसा? धडधाकट माणसांचं रक्त तपासून तपासून. आजारी माणूस दवाखान्यात आपणहून येतो. ज्याला काही झालेलं नाही त्याला सुई टोचून घ्यायला राजी करणं हे खरं अवघड काम.

आता माणसाच्या जागी जायंट पांडा ठेवा. चीनच्या चौथ्या राष्ट्रीय गणनेत जंगलात १,८६४ सापडले. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावाच्या लोकसंख्येएवढे. पाळलेले काहीशे. वजन शंभर किलोच्या पुढे, दात अस्वलाचे. निरोगी पांडाच्या रक्तात लाल पेशी किती, पांढऱ्या किती, हे माणसाला कळायला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात कातड्यापासून आहे. १८६९ च्या मार्चमध्ये आर्मांड डेव्हिड नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने सिचुआनच्या डोंगरात एका जमीनदाराच्या घरी काळं-पांढरं कातडं पाहिलं. पुढे शिकाऱ्यांनी त्याला जनावरही आणून दिलं, मेलेलं. १९२९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची दोन मुलं, थिओडोर ज्युनिअर आणि केर्मिट, तिथे गेली आणि दोघांनी मिळून एक पांडा मारला. तो शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभा राहिला. जिवंत पांडा पश्चिमेत पोचला तो १९३६ च्या डिसेंबरात. रूथ हार्कनेस ही न्यूयॉर्कची कपड्यांची डिझायनर. तिचा नवरा पांडाच्या शोधात जाऊन शांघायमध्ये वारला, तेव्हा ही स्वतः निघाली आणि एक पिल्लू कडेवर घेऊन परतली. कागदपत्रांवर नोंद काय, तर 'एक कुत्रा, वीस डॉलर'. कागद रंगवण्याची कला काही आपल्याच तालुक्यात शोधलेली नाही!

सू-लिन नावाचं ते पिल्लू १९३८ मध्ये शिकागोजवळच्या ब्रूकफिल्ड प्राणिसंग्रहालयात मेलं. सगळे त्याला मादी समजत होते, मेल्यावर कळलं की नर होता. त्याच्याच देहाचा अभ्यास करून ड्वाइट डेव्हिस यांनी १९६४ मध्ये पांडाच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ काढला. हाडं, स्नायू, आतडी, सगळं त्यात आहे. पण मेलेल्या जनावराकडून एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे ते जिवंत असताना ठणठणीत कसं होतं.

रक्त या कथेत पहिल्यांदा आलं ते साक्षीदार म्हणून. पांडा अस्वल की रॅकूनचा भाऊबंद, यावर विद्वान शंभर वर्षं भांडत होते. दाव्हिदने, म्हणजे आपल्या डेव्हिड धर्मगुरूने, अस्वल म्हटलं. पॅरिसच्या मिल्न-एडवर्ड्स यांनी दुसऱ्याच वर्षी सांगितलं की नाही, हा लाल पांडाच्या जवळचा. लाल पांडा म्हणजे आपल्या सिक्कीम-अरुणाचलातलं, मांजरापेक्षा थोडं मोठं, तांबूस जनावर. पुढे केंब्रिजच्या जॉर्ज नटॉल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं की रक्तातल्या प्रथिनांवरून प्राण्यांची सोयरीक ओळखता येते. एका प्राण्याचा रक्तद्रव सशाला टोचायचा, सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मग ती दुसऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवात मिसळायची. साका जितका घट्ट, नातं तितकं जवळचं. हाच मार्ग धरून लिओन आणि विएन्स यांनी १९५६ मध्ये पांडाला अस्वलाच्या पंगतीत बसवलं. १९७३ मध्ये व्हिन्सेंट सारिच यांनी रक्तातल्या दोन प्रथिनांवरून तेच सांगितलं.

तरी एक गाठ राहिली होती. बहुतेक अस्वलांच्या पेशीत ७४ गुणसूत्रं, पांडाच्या ४२. एवढा फरक असताना भाऊ कसे? १९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांवरचे पट्टे जुळवून पाहिले, तेव्हा कळलं की पांडाची गुणसूत्रं म्हणजे अस्वलाचीच, जोडीजोडीने चिकटलेली. बारा-सातबारे एकत्र केले म्हणून जमीन बदलत नाही, तसं. तिथे वाद बहुतांशी मिटला.

पण 'तू कोण' हे विचारणं वेगळं आणि 'तू कसा आहेस' हे विचारणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाची निकड आली ती १९७२ नंतर. निक्सन चीनला जाऊन आले आणि एप्रिलमध्ये लिंग-लिंग आणि शिंग-शिंग ही जोडी वॉशिंग्टनला पोचली. लाखो लोक बघायला येत होते. १९८३ ते १९८९ मध्ये त्यांना पाच पिल्लं झाली आणि एकही काही दिवसांपलीकडे जगलं नाही. तिकडे चीनमध्ये सत्तरच्या दशकात मिनशान डोंगरात बांबू फुलून वाळला आणि १३८ पांडांचे मृतदेह सापडले. १९८० च्या सुमारास वोलोंगमध्ये हू जिनचू आणि जॉर्ज शॅलर यांनी जंगलातल्या पांडांचा अभ्यास सुरू केला. हे शॅलर म्हणजे साठच्या दशकात आपल्या शेजारच्या कान्हात वाघांवर काम केलेले तेच. पांडा मरू द्यायचा नव्हता, आणि तो आजारी आहे हे ओळखायला तुलनेचा आकडा नव्हता.

अडचण संख्येची तर होतीच, त्याहून मोठी होती भीतीची. पांडाचं रक्त काढायचं तर आधी भुलीचं इंजेक्शन मारायचं. जनावर घाबरलं की शरीरात अॅड्रेनालिन सुटतं, प्लीहा आकसते आणि तिच्यात साठवलेल्या लाल पेशी रक्तात येतात. आकडा फुगतो. पांढऱ्या पेशींचंही तेच. ताणाखाली न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट घटतात, आणि रिपोर्ट बघणाऱ्याला वाटतं की कुठेतरी जंतुसंसर्ग आहे. उलट भूल चढली की प्लीहा सैलावते, लाल पेशी तिच्यात जाऊन बसतात, आणि त्याच जनावराला रक्त कमी असल्याचं दिसतं. कुत्र्या-घोड्यांत पशुवैद्यांना हे पक्कं माहीत आहे. मग घाबरवून, बेशुद्ध करून घेतलेल्या रक्ताला 'निरोगी पांडाचं रक्त' म्हणायचं कसं? माणसाच्या रक्ताला सरावलेलं मशीनही परक्या प्राण्याच्या पेशी मोजताना चुकू शकतं, म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी डोळ्यांनी मोजणारा माणूस लागतोच.

यावर निघालेला उपाय मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो. पांडालाच शिकवलं. पिंजऱ्याला एक आडवी नळी जोडायची. पांडाने आपणहून पुढचा पाय तिच्यात घालायचा, आतला दांडा पकडायचा आणि तसंच बसायचं. बसला की सफरचंदाची फोड किंवा मध. आधी नुसता पाय, मग स्पर्श, मग केस काढणं, मग स्पिरिटचा बोळा, शेवटी सुई. यात आठवडे, कधी महिने जातात. आणि मुख्य नियम असा की त्याला नको असेल तर तो पाय काढून घेऊ शकतो, कोणी ओढत नाही. सॅन डिएगो, वॉशिंग्टन, चेंगडू, सगळीकडे आता असंच रक्त घेतात. एक हात नळीत आणि तोंडात फळ, असा पांडा बसतो. नर, मादी, पिल्लू, म्हातारा, उन्हाळा, हिवाळा, असे नमुने साठत गेले आणि रकाना हळूहळू भरला.

हा रकाना दुसऱ्या प्राण्याकडून उसना घेता येत नाही, याचा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. चीनच्या विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी निरोगी पांडांच्या रक्तातली थायरॉइड संप्रेरकं मोजली. टी-४ अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी, शीतनिद्रेतल्या काळ्या अस्वलापेक्षा कमी. माणसाचा असा रिपोर्ट आला तर डॉक्टर लगेच गोळी सुरू करतील. पांडासाठी मात्र ती तब्येत आहे. बांबूवर जगायचं तर चूल मंदच ठेवावी लागते.

या विषयात आमच्या धंद्याने दिवेही लावलेत. २०१२ मध्ये चीनमध्ये पांडाच्या जनुकांवरून जंतू मारणारं एक छोटं प्रथिन ओळखलं गेलं. जगभर मथळे झळकले, पांडाच्या रक्तातून अँटिबायोटिक! जणू आता पांडा दुभत्या म्हशीसारखे बांधून ठेवणार. ते प्रथिन प्रयोगशाळेतच बनवलेलं होतं. आणि गंमत म्हणजे चीनमध्ये 'पांडाचं रक्त' हा शब्द माणसांसाठी वापरतात. ज्याचा गट आरएच निगेटिव्ह, त्याला. तिथे हजारात तीन-चारच असे निघतात. आपल्याकडे 'ओ निगेटिव्ह तातडीने हवे' असे मेसेज फिरतात, तसे तिकडे पांडाच्या रक्तासाठी फिरतात.

एवढी मेहनत कशासाठी, ते २०१४ च्या डिसेंबरात दिसलं. शांक्सी प्रांतातल्या पांडा केंद्रात कॅनाइन डिस्टेंपर शिरला. हा कुत्र्यांचा विषाणू. तो आधी लिंफोसाइट पेशींवरच घाला घालतो, त्या झपाट्याने घटतात आणि जनावराची प्रतिकारशक्तीच कोसळते. पण 'घटल्या' म्हणायला आधी किती होत्या ते माहीत पाहिजे. सहा पांडांना लागण झाली, पाच मेले. वाचलेल्या सहाव्याला पूर्वी लस दिलेली होती. लसीतही सुख नाही. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनमध्ये कुत्र्यांची जिवंत विषाणूची लस दिल्यामुळेच लाल पांडाला डिस्टेंपर झाला होता. म्हणून पांडाला कुठली लस सोसते, तिने रक्तात प्रतिपिंडं किती तयार होतात, हे पुन्हा त्या नळीतल्या हातातूनच बघावं लागतं.

हाच विषाणू १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत सुमारे हजार सिंह घेऊन गेला. आसपासच्या गावकुत्र्यांवर संशय होता. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह गेले, तिथेही तपासणीत हाच निघाला, जोडीला गोचिडीतून येणारा बबेसिया. आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्या आहे, आणि तो खातो काय, तर गावातली कुत्री. आपल्या ग्रामपंचायत हद्दीतल्या कुत्र्यांना शेवटची लस कधी टोचली, रेबीजची सोडा, डिस्टेंपरची, हे येत्या ग्रामसभेत कोणीतरी विचारा.